कावीळ झाली म्हणून सांगितलं

कॉलेजातून फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. एका गालाला साबण होता. नात मोरीत आजीची पांघरुणं धूत होती आणि तिचा फोन कपाटावर वाजत होता. दुसऱ्याचा फोन मी उचलत नाही. पण तो थांबायचा आणि परत वाजायचा. तिसऱ्या वेळी उचलला.

"मी कॉलेजातून वर्गशिक्षिका बोलतेय. आपण कोण?"

"आजोबा."

"आजोबा, दिवाळीची सुट्टी संपून इतके दिवस झाले, तुमची नात अजून आलेली नाही. त्याआधीही अधूनमधूनच यायची. बारावीचं वर्ष आहे. सगळं बरं आहे ना घरी?"

बरं नव्हतं. माझ्या बायकोला दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला, वाचा गेली, दोन-चार शब्द तेवढे राहिले. तेव्हापासून ती खाटेवर आहे आणि तिचं सगळं नात करते. एवढंच सांगायचं होतं. एका वाक्याचं काम. मी म्हटलं, "तिला कावीळ झालीय."

कावीळच का, तर तोंडात आली. पण अगदी उगाच नाही आली. ताप म्हटला तर तो आठवड्यात उतरतो. टीबी म्हटलं तर पोरीच्या नावाला चिकटतं, उद्या लग्नाच्या वेळी कोणीतरी काढतं. कावीळ सोयीची. आमच्या गावाकडे, कोकणात, कावीळ झालेला माणूस महिना महिना अळणी खात पडून राहतो आणि कोणी काही विचारत नाही.

"अरे देवा," मॅडम म्हणाल्या. "मग विश्रांती घेऊ दे. येताना डॉक्टरांचं सर्टिफिकेट पाठवा."

"पाठवतो," मी म्हटलं, आणि दुसरा गाल करायला घेतला. नातीला सांगितलं नाही.

आमचं घर चारकोपला, सेक्टरमधल्या बैठ्या घरांच्या सोसायटीत. एक खोली, स्वयंपाकघर, मोरी. दारासमोर तीन पावलांची गल्ली आणि गल्लीपलीकडे दुसऱ्याचं दार. मुलगा सहा वर्षांपूर्वी वारला. सून औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे, साडेसातला बाहेर पडते ती संध्याकाळी सातला घरात. मी चौथीपर्यंत शिकलो. गिरणीत लागलो, गिरणी बंद पडली तेव्हा इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटीत प्रेस मशीनवर उभा राहिलो आणि साठीपर्यंत उभाच होतो. हे घर मी उभं केलं. कोणाच्या दारात काही मागायला गेलो नाही. हे मी लोकांना पुष्कळ वेळा सांगितलेलं आहे.

आजारपण आलं तेव्हा सुनेने एक बाई ठेवली होती दिवसभरासाठी. मी महिन्याभरात घालवली. फोनवर बोलत बोलत भरवायची, मला आवडलं नाही. मग दुसरी बघायची राहिली. नात तेव्हा दहावी होऊन मोकळी होती. "कॉलेज सुरू होईपर्यंत मी करते," म्हणाली. कॉलेज सुरू झालं. ती करतच राहिली. ठरवलं कोणीच नव्हतं. मी तर मुळीच नाही, मी फक्त काही बोललो नाही.

आमच्यात एक रीत आहे, आमच्यात म्हणजे माझ्या आईबापापासून. बाईमाणसाचं बाईने करायचं. अंघोळ, कपडे, पोटाचं. पुरुषाने तिथे थांबायचं नाही. दिवसातून चार वेळा नात म्हणायची, "आजोबा, जरा बाहेर बस." मी काठी घेऊन बाहेर कट्ट्यावर बसायचो. ती आतून कडी लावायची. कडी काढल्याचा आवाज आला की मी आत. तोवर आत अंथरूण बदललेलं, उदबत्ती लावलेली, बायको विंचरून पावडर लावून बसवलेली. मला वाटायचं, वा, काय टापटीप घर आहे आपलं.

समोरच्या दारात राहणारी बाई मोठ्या हॉस्पिटलात आयाबाई होती. रिटायर झाली. आजारपणाच्या पहिल्याच महिन्यात ती आली होती. "भाऊ, पोर लहान आहे. मी येऊन कूस कशी बदलायची ते दाखवते, दुपारची बसेन पण." मी म्हटलं, "आमच्या घरात माणसं आहेत." ती म्हणाली, "दिसतायत," आणि गेली. तेव्हापासून तिचं-माझं बोलणं बंद. गल्लीत समोर आली तर मी पत्र्यांकडे बघायचो.

तर कावीळ. डिसेंबरात एका दुपारी नात फोन हातात घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आजोबा, मला कावीळ कधी झाली?"

मी पेपर वर धरला.

"मी काहीतरी विचारतेय."

"तुझी मॅडम उगाच चौकशा करत होती. सांगितलं काहीतरी."

"मैत्रिणीने मेसेज केलाय, कावीळ बरी झाली का म्हणून. आणि हा फोटो पाठवलाय." फोन माझ्या नाकाशी धरला. कॉलेजच्या बोर्डावरच्या यादीचा फोटो होता. हजेरी कमी असलेल्या पोरांची यादी. तिचं नाव वरून चौथं. "या यादीतल्यांना हॉल तिकीट नाही. कळतंय का तुला? परीक्षेलाच बसता येणार नाही. ज्यांना सांगायचं असेल त्यांनी पालकांना घेऊन यायचं, शुक्रवारपर्यंत. मेडिकल असेल तर सर्टिफिकेट. कुठून आणू मी सर्टिफिकेट?"

"एखाद्या डॉक्टरकडून घेऊन येऊ. देतात."

"खोटं?"

"मग काय सांगायचं कॉलेजात?"

"खरं!"

तिचा आवाज चढला तशी खाटेवरून बायको "अं... अं..." करायला लागली. नात लगेच तिकडे गेली, तिचा हात धरला, आवाज एकदम मऊ. "काही नाही आजी. कॉलेजचं बोलतोय." एका तोंडातून असे दोन आवाज मी तेव्हा ऐकले.

संध्याकाळी सून आली. तिने चप्पल काढायच्या आत सगळं ऐकलं. दमलेली होती, तशीच भिंतीला टेकून खाली बसली.

"बाबा, खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"काय सांगायचं होतं? माझ्या बायकोचं गू-मूत सतरा वर्षांची पोर काढते, असं सांगू?"

मी मोठ्याने बोलतो. सवय आहे, मशीनच्या आवाजात तीस वर्षं बोललो. वाक्य खोलीभर झालं. बायकोने मान भिंतीकडे वळवली. तिला बोलता येत नाही, ऐकू नीट येतं.

"मी नोकरी सोडते," सून म्हणाली.

"आणि खायचं काय?" नात म्हणाली. "तू नको काही सोडू. मीच या वर्षी बसत नाही. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी आजी चालायला लागणार आहे का?" सुनेने विचारलं. पोर ओट्याकडे वळली. ताटं वाढली.

सुनेला रजा मिळाली नाही, म्हणून शुक्रवारी मीच गेलो. ती फक्त दुपारी कामाच्या मध्ये येऊन आजीजवळ बसली, तेवढ्या वेळात आम्हाला जाऊन यायचं होतं. रिक्षात मी नातीला सांगितलं, "तू काही बोलू नको. मी बघतो." तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

कॉलेजात बाकावर पालकांची रांग होती. एका पोराचा बाप त्याला सगळ्यांदेखत बोलत होता, "क्रिकेट खेळ, अजून खेळ." पोरगा मान खाली घालून हसत होता. आमची पाळी आली. मॅडम पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. पुढ्यात यादी.

"सर्टिफिकेट?"

"त्याचं असं आहे मॅडम," मी म्हटलं, "आम्ही गावठी औषध घेतलं. आमच्या गावच्या माणसाने पाला दिला. त्याचं सर्टिफिकेट नसतं."

मॅडमनी चष्मा लावला. "रक्त तपासलं असेल ना? त्याचा रिपोर्ट?"

"डोळ्यांवरून कळतं आम्हाला."

"आजोबा, हीच गोष्ट मला दोन पोरांनी सांगितलीय या आठवड्यात. एकाला टायफॉइड, एकाला डेंग्यू. दोघे मॉलमध्ये सापडले." मग त्या नातीकडे वळल्या. "तू सांग. काय झालं होतं तुला?"

माझी खात्री होती, ती आता बोलणार. मी काठी घट्ट धरली. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजोबा सांगतायत तेच."

"नक्की?"

"हो."

"मग मला काही करता येणार नाही. नाव यादीत राहील. पुढच्या वर्षी फॉर्म भर." मॅडमनी नावावर पेनने खूण केली आणि दाराकडे बघून म्हणाल्या, "पुढचे."

नात उठली. बॅग खांद्याला लावली. उठताना तिने टेबलाला हात टेकला आणि कमरेत थोडी थांबली, म्हातारी माणसं थांबतात तशी. मी पंच्याहत्तरीचा, मी तसा थांबतो. ती सतराची आहे. घरात ती असं रोज उठत असणार, पण घरात मी पेपर वाचत असतो.

ती दारापर्यंत गेली. एक वर्ष घालवून निघाली होती, आणि कशासाठी, तर परक्या बाईसमोर आजोबा खोटा पडू नये म्हणून. मी खुर्चीवरून उठलो नाही.

"मॅडम, कावीळ झाली नव्हती," मी म्हटलं.

दारात पुढचे पालक आले होते. मॅडमनी त्यांना हाताने थांबवलं.

"मी खोटं बोललो. ती नाही. तिला तर माहीत पण नव्हतं. घरी माझी बायको आहे, तिला अर्धांग झालंय. ही तिचं करते."

"काय करते?"

"सगळं."

"सगळं म्हणजे? सकाळी किती वाजता उठते? काय काय असतं? मला प्राचार्यांना सांगावं लागेल, नीट सांगा."

मी तोंड उघडलं. काय सांगणार? मला कडी लावल्याचा आवाज माहीत होता आणि कडी काढल्याचा. मी नातीकडे बघितलं. ती दारातून परत आली, बसली नाही, उभ्या उभ्या सांगायला लागली, दुकानाची यादी वाचावी तशी.

"पाचला उठते. कपडा बदलायचा. पुसून घ्यायचं. पाठीला खाली जखम आहे, ती धुऊन मलम लावायचं. आता भरत आलीय. मग बसवायचं, पाठीमागे उशा, हनुवटी खाली, चमच्याने चहा. एक चमचा गिळल्याशिवाय दुसरा नाही. अर्धा तास जातो. मग गोळ्या कुटून. दोन-दोन तासांनी कूस बदलायची, रात्री पण दोनदा. हातापायाचा व्यायाम, सिस्टरने दाखवलाय तसा. दुपारी परत सगळं. मध्ये अभ्यास करते. तास सातला असतो, तो नाही जमत."

"आणि घरात आणखी कोण असतं?"

ती बॅगेचा पट्टा सारखा करायला लागली.

"मी असतो," मी म्हटलं.

जखमेचं मला माहीत नव्हतं. माझ्या बायकोच्या पाठीला जखम होती आणि भरत आली होती, आणि ती मला कॉलेजच्या ऑफिसात कळली.

मॅडमनी यादी बाजूला सरकवली. मग नियमांचं पुस्तक काढलं, पानं चाळली, मिटलं. "यात विद्यार्थी स्वतः आजारी असेल तर काय करायचं ते आहे. घरच्या आजाऱ्याचं करणाऱ्या विद्यार्थ्याचं काही लिहिलेलं नाही. कुठेच नसतं. आमच्या फॉर्मात वडिलांचा धंदा विचारतात, जात विचारतात, हे नाही विचारत. पण म्हणून मांडता येत नाही असं नाही. लेखी द्या, खरं. हॉस्पिटलचे कागद जोडा. मी प्राचार्यांपुढे ठेवते. पण एक, सोमवारपासून प्रिलिम आहे. एकही पेपर चुकायचा नाही, आणि पुढचे जादा तास सगळे. नाहीतर ते म्हणतील, सूट देऊन उपयोग काय? सकाळी सात ते एक. त्या वेळात घरी कोण बघणार, तेही लिहा."

"मी लिहून देते," नात म्हणाली.

"मी लिहितो," मी म्हटलं. चौथी शिकलो असलो तरी माझं अक्षर चांगलं आहे. कागद मागून घेतला. बाकावर बसून लिहिला, दोन ओळी खोडल्या. माझी नात खोटारडी नाही, घरात रिकामी पण बसत नाही, असं लिहिलं. तिची आजी तिच्यामुळे जिवंत आहे, असं लिहिलं. घरी कोण बघणार, त्यापुढे 'मी' लिहिलं आणि सही केली. सही करताना हात थांबला नाही. थांबायला हवा होता, कारण मला त्यातलं काहीही येत नव्हतं.

शनिवार-रविवार ती मला शिकवायला बसली. "आजोबा, इकडे बघ." मी बघायचो आणि म्हणायचो, "समजलं, समजलं." कूस बदलायची दाखवली, ती केली. खालचं करायची वेळ आली तेव्हा बायकोने डाव्या हाताने माझा हात ढकलला. त्या हातात जोर आहे. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. पन्नास वर्षांच्या संसारात तिने मला तिच्या आजारपणात जवळ येऊ दिलं नव्हतं, बाळंतपणातही माहेरी गेली. रीत तिचीही होतीच. नात म्हणाली, "ते आई साडेसातच्या आत करून जाईल. नंतर मी दीडला येते. मध्ये लागलं तर..." ती थांबली. "तर काय, ते तुम्ही दोघं बघा."

चहाचं तिने तीनदा सांगितलं. आजीला पातळ काही द्यायचं नाही. मेडिकलमधली पावडर घालून चहा पेजेएवढा दाट करायचा. मला ते सगळं चोचले वाटले. पन्नास वर्षं माझ्या बायकोने कडक, पातळ चहा प्यायला होता. नातीने कागदावर लिहून कपाटाला चिकटवलं. मी म्हटलं, "घर आहे का दवाखाना?" ती आत गेली तेव्हा मी कागद काढून ड्रॉवरमध्ये ठेवला.

सोमवारी साडेसहाला ती गेली, साडेसातला सून. दार लोटलं आणि घरात आम्ही दोघं उरलो.

नऊला बायको "चा... चा..." करायला लागली. हा तिच्या राहिलेल्या शब्दांपैकी एक. मला बरं वाटलं. मागितलं ते द्यायचं, एवढं तर कोणालाही जमतं. आलं घालून चहा केला. तिच्या पाठीमागे उशा लावल्या. बशीत ओतला, फुंकला. "चाय घेतंस काय?" मी विचारलं. आम्ही दोघं मालवणीतच बोलतो. ती डाव्या बाजूने हसली. मी बशी तिच्या ओठाला लावली.

तिने घोट घेतला. मग आणखी एक. मग तिचे डोळे मोठे झाले.

खोकला आला नाही. खोकला आला असता तर मी घाबरलो नसतो. तोंड उघडं आणि आवाज नाही. चेहरा लाल, मग वेगळाच. डावा हात माझ्या शर्टात रुतला. बशी खाली पडली. मी पाठीवर हात फिरवला, नुसता फिरवला, लहान पोराला थोपटावं तसा. "काय जाला? काय जाला गो?" असं म्हणत होतो फक्त.

मला एवढंच सुचलं की नातीला फोन करावा. मग सुचलं की तिचा फोन बॅगेत असेल, बॅग वर्गाबाहेर. मग कॉलेजात फोन करून तिला बोलवायचं सुचलं. ती आली असती. पेपर तिथेच टाकून धावत आली असती, यात मला शंका नाही, आणि त्या एका पेपराबरोबर सगळं गेलं असतं. हे मी विचार करून ठरवलं असं म्हणणार नाही. विचार करायला वेळच नव्हता. मी दार उघडलं आणि गल्लीत ओरडलो. समोरच्या बाईचं नाव मला माहीत होतं, पण दोन वर्षांत तोंडाने घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं.

ती हातात लाटणं घेऊनच आली. एका नजरेत तिला कळलं.

"उशांवर काय टेकवलंय? पुढे वाकवा! धरा इथे, छातीला धरा!" बायकोला तिने माझ्या हातावर पालथी ओणवी केली आणि खांद्यांच्या मधे तळहाताने जोरात मारलं. एक, दोन. तिसऱ्याला तोंडातून चहा आणि चिकट काहीतरी आलं, आणि मग खोकला. तो खोकला ऐकून मी खाटेच्या कडेला बसलो.

"काय दिलंत?"

"चहा."

"असाच? पाण्यासारखा?" ती माझ्याकडे बघत राहिली. "पोर दोन वर्षं सांभाळतेय, तुम्ही दोन तासांत पाठवत होतात वरती." मग पदराला हात पुसत म्हणाली, "फोन करते पोरीला. कुठाय?"

"नाही," मी म्हटलं. "तिचा पेपर आहे. तिला नाही बोलवायचं."

"अहो, पण परत झालं तर?"

"तर तुम्ही आहात ना?"

हे वाक्य माझ्या तोंडातून कसं आलं मला ठाऊक नाही. ती हसली नाही, पण तिने टोमणा मारलाच. "का? तुमच्या घरात माणसं आहेत ना?" मी मान खाली घातली. तिने ते तिथेच सोडलं, त्याबद्दल तिचे उपकार आहेत. म्हणाली, "श्वास बघू द्या आधी. ताप आला तर डॉक्टरकडे न्यावं लागेल, छातीत गेलेलं असू शकतं."

खोकण्याच्या जोराने बायकोचे कपडे आणि चादर भिजली होती. तिला ते कळलं होतं आणि ती डोळे मिटून होती. "व्हा बाहेर," समोरची बाई म्हणाली, "मी करते."

मी कट्ट्यावर जायला उठलो. दोन वर्षांची सवय. दारापर्यंत गेलो. मग परत आलो आणि म्हटलं, "दाखवा. हात मी लावतो."

बायकोने परत डावा हात उचलला. मी तो धरला आणि तिच्या कानाशी म्हटलं, "पोरगी परीक्षेक बसलीहा. गप ऱ्हव." तिने हात सैल सोडला. तोंड मात्र भिंतीकडेच ठेवलं, सगळं होईपर्यंत. मीही पहिल्यांदा नीट केलं नाही. चादर दोनदा ओढून काढावी लागली. जखम पाहिली. रुपयाच्या नाण्याएवढी, कडेने गुलाबी. कोणीतरी रोज तिथे बोट लावून, फुंकर घालून ती एवढी आणली होती.

दीडला नात आली. पायरीवर असतानाच विचारलं, "आजीने चहा घेतला?"

लपवायचं मनात आलं. समोरची बाई स्वतःच्या दारात उभी होती, तिने काही सांगितलं नसतं, तेवढी ती चांगली आहे. पण खोटं बोलून मी आधीच एकदा नातीचं वर्ष घालवायला निघालो होतो. सांगितलं सगळं.

ती बॅग टाकून आत धावली. आजीच्या छातीला कान लावला, कपाळाला हात लावला, नखं बघितली. मग जमिनीवर बसली आणि रडायला लागली, आवाज न करता. मला वाटलं आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"उद्या मी जात नाही," ती म्हणाली.

"जायचंस."

"आजी मेली असती आजोबा! तू कागद पण काढून टाकलास. मला वाटतच होतं. तुला सांगून काही उपयोगच नाही, तू कोणाचं ऐकत नाहीस."

"ऐकतो."

"कधी?"

मी उठलो. ड्रॉवर उघडला, कागद काढला, परत होता तिथे चिकटवला. आणि म्हटलं, "आता वाचून दाखवतो, चुकलं तर सांग." पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. ती ऐकत नव्हती, गुडघ्यात डोकं घालून बसली होती. तरी मी शेवटपर्यंत वाचला आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. तिसऱ्या वेळी तिने वर न बघता सांगितलं, "गोळी चहाच्या आधी नाही, नंतर. तिथे मी खाली लिहिलंय."

बायकोला ताप आला नाही. पुढे यादीतून नाव निघालं, हॉल तिकीट आलं, ते सगळं झालं. समोरची बाई रोज दहाला एक चक्कर मारते आणि माझं काहीतरी चुकीचं काढल्याशिवाय जात नाही. पण त्या रात्री यातलं काही माहीत नव्हतं. नात पेपरला जाईल की नाही, एवढंच होतं, आणि तिने सांगितलं नव्हतं.

मंगळवारी सहाला मी उठलो तर ती बॅग भरून बसली होती, आणि चप्पल घातली नव्हती. सून डबा भरत होती. मी चहा ठेवला. गाळला, वाटीत ओतला, पावडर मोजून घातली आणि ढवळायला लागलो. ती येऊन माझ्या बाजूला उभी राहिली.

"गुठळ्या होतायत."

"दिसतायत मला."

"एका दिशेने ढवळ. आता थांब. लगेच नको देऊ, घट्ट होऊ दे."

थांबलो. घड्याळात साडेसहा होऊन गेले. तिने चमचा घेतला, वाटीत बुडवला, उचलून तिरका धरला. चहा चमच्यावरून सावकाश, जड असा खाली आला. तिने परत एकदा करून बघितलं.

मी बायकोला बसवलं, पुढे वाकवून, हनुवटी खाली. पहिला चमचा दिला. गळ्याकडे बघत राहिलो. गळा हलला. मग दुसरा.

पाचव्या चमच्याला मागे चपलेचा आवाज आला. ती दारातून निघाली, गल्लीत थांबली, परत आत डोकावली.

"खोकली तर?"

"पुढे वाकवायची. समोर हाक मारायची."

"मला फोन..."

"तुला फोन नाही करायचा. जा आता, उशीर होतोय."

ती गेली. गल्लीच्या टोकाला वळताना तिने एकदा मागे पाहिलं. माझ्या एका हातात वाटी होती, दुसऱ्या हाताने बायकोची हनुवटी धरलेली. मी मानेनेच सांगितलं, जा.